शून्य ते शंभर, व्हाया गायमुख

तुम्हाला म्हणून सांगतो, माझ्याकडे मर्सिडीज आहे. हे वाक्य मी लग्नकार्यात, भाजीच्या रांगेत आणि एकदा तर दाताच्या डॉक्टरांकडे तोंडात कापूस असतानासुद्धा बोललेलो आहे. पुढचा तपशील मात्र कुणी खोदून विचारल्याशिवाय मी देत नाही. गाडी २०१५ची आहे, मी तिचा तिसरा मालक आहे, आणि मला ती जेवढ्यात पडली तेवढ्याच पैशांत मेहुण्यानं कोरी करकरीत छोटी गाडी घेतली, वर पेढेही वाटले. मी पेढे वाटले नाहीत. पैसे उरले नव्हते.

गाडीचं नाव सी २२० सीडीआय. केमिस्टकडे जाऊन मागितलं तर तो ‘जेवणानंतर घ्या’ म्हणून काहीतरी देईल असं हे नाव आहे, पण जाणकार माणसाच्या भुवया ते ऐकून वर जातात. मी तिला जर्मन म्हणून मिरवतो. खरं तर ती जुळली चाकणला, आपल्या पुण्याजवळच्या. हे आमच्या घरी कळलं तेव्हा ही एवढंच म्हणाली, “चाकणहून आणलीत? मग येताना कांदे का नाही आणले?” मी तिला चाकणचा इतिहास सांगायला गेलो, की बाई, नुसता कांद्या-बटाट्याचा बाजार नाही तो, तिथं संग्रामदुर्ग आहे, १६६० साली शाएस्ताखानाच्या एवढ्या मोठ्या फौजेपुढे फिरंगोजी नरसाळ्यांनी तो जवळजवळ दोन महिने झुंजवत ठेवला होता. तोवर ती स्वयंपाकघरात गेली होती. तुम्ही मात्र नरसाळे हे आडनाव जरा लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

आता मी ही गाडी का घेतली, ते सांगतो. आकड्यांसाठी घेतली. २१४३ सीसीचं डिझेल इंजिन, १७० अश्वशक्ती, आणि ४०० न्यूटन मीटर टॉर्क. टॉर्क म्हणजे काय हे मला गाडी घेतल्यावर दोन महिन्यांनी समजलं, पण समजलं ते पक्कं समजलं. एक मीटर लांबीचा पाना घ्या, त्याच्या टोकाला चाळीस किलोचं तांदळाचं पोतं लटकवा, नट ज्या जोरानं पिळला जाईल तेवढा हा जोर, आणि तोही इंजिन मिनिटाला जेमतेम १४०० फेऱ्या घेत, दुपारी वामकुक्षी काढल्यासारखं गुरगुरत असताना. एवढ्या जोरावर ही दीड टनाहून जड गाडी शून्यावरून शंभरच्या वेगाला पोचते ७.४ सेकंदांत. सात पूर्णांक चार! आमच्या घरात “अहो, ऐकलंत का” आणि माझं “काय गं” यांच्यामध्ये याहून जास्त वेळ जातो.

हे ७.४ सेकंद एकदा, फक्त एकदा, आपल्या आयुष्यात यावेत एवढीच माझी इच्छा होती. विजेच्या बिलाच्या पाठीमागे मी हिशेब मांडला. तेवढ्या सेकंदांत गाडी शंभर-सव्वाशे मीटर जाते. म्हणजे सव्वाशे मीटर मोकळा रस्ता हवा, आणि पुन्हा थांबायला वेगळा, कारण शंभरला पोचून तसंच पुढे जात राहणं हे माझ्या स्वभावात नाही.

इथं माझा हिशेब चुकला, कारण मी राहतो मीरा रोडला.

आमच्या गावाची तक्रार करायची नाही मला. मिठागरं आणि भातखाचरं होती तिथं १९८५ साली नगरपालिका झाली, २००२ साली महानगरपालिका झाली. या शहराचं शून्य ते शंभर माझ्या गाडीपेक्षा कितीतरी जलद झालं. त्या घाईत सव्वाशे मीटर मोकळे ठेवायचे तेवढे राहून गेले. सिल्व्हर पार्कपासून गोल्डन नेस्टपर्यंत जाताना मला उजवीकडे मेट्रोचे खांब दिसतात, डावीकडे शहाळेवाला दिसतो, आणि समोर एक रिक्षा दिसते, जिचा चालक हात बाहेर काढून असं काही सुचवत असतो की तो डावीकडे वळेल, उजवीकडे वळेल किंवा नुसती राख झाडेल. मोकळा रस्ता आमच्याकडे आहे, नाही असं नाही, पण तो मेट्रोसाठी वर बांधलेला आहे. चार वर्षांत माझ्या चारशे न्यूटन मीटरांनी मिळवलेलं सर्वांत मोठं यश म्हणजे सोसायटीच्या गेटवरचा गतिरोधक एका दमात चढणं. वॉचमननं पाहिलं नाही.

मध्यंतरी एकदा पहाटे उत्तनच्या रस्त्यावर प्रयत्न करून पाहिला. समुद्राकडचा रस्ता, गार वारा, बांबूंवर बोंबील वाळत टांगलेले. मी पाय दाबणार तोच वळणावर टोपल्या घेतलेल्या चारपाच कोळणी टेंपोची वाट पाहत उभ्या. एकीनं हात केला, मी थांबलो, आणि त्यानंतर काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. निकाल असा लागला: वेग शून्य ते बावीस, आणि सुके बोंबील दोन किलो.

तेव्हा मी शेजारच्या काकांना विश्वासात घेतलं. काका पश्चिम रेल्वेतून मोटरमन म्हणून निवृत्त झालेले. अख्खी हयात घड्याळावर काढलेला माणूस, अजूनही दूध आणायला निघताना वेळ बघतात आणि आल्यावर फरक सांगतात. मी त्यांना ७.४ सेकंदांचं सगळं सांगितलं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

“अरे, मी बारा डब्यांची लोकल चालवली. पाठीमागे चारपाच हजार माणूस. शून्य ते शंभर किती सेकंदांत, असं मला जन्मात कुणी विचारलं नाही. विचारायचे ते एकच, भाईंदरला थांबते का.”

पण वेळ मोजायची म्हटल्यावर त्यांच्यातला रेल्वेवाला जागा झाला. समृद्धी महामार्गावर जायचं ठरलं. जून २०२५मध्ये इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा उघडल्यापासून नागपूरहून येणारा तो ७०१ किलोमीटरचा रस्ता आता भिवंडीजवळ आमण्यालाच येऊन टेकलाय, म्हणजे आमच्या घरापासून घोडबंदर रस्त्यानं ठाणे, मग भिवंडी, की पोचलोच. तिथं मोटारींना ताशी १२० पर्यंत परवानगी आहे. म्हणजे माझे शंभर कायद्यात बसत होते. काकांनी ही गोष्ट दोनदा विचारून घेतली. सिग्नल हिरवा असल्याशिवाय ते कशालाच हो म्हणत नाहीत.

इथून पुढे जे झालं त्याला मी एकटा जबाबदार आहे.

झालं असं की वजन कमी केलं की गाडी जास्त जोरात पळते, हे मी कुठंसं वाचलं होतं. मग आदल्या संध्याकाळी डिकी उपसायला घेतली. स्टेपनी काढली. जॅक आणि पाना काढला. घडीच्या दोन खुर्च्या, गौरीगणपतीच्या मखराची पट्टी, तीन छत्र्या (पैकी एक आमची), गेल्या दिवाळीत दुरुस्तीला टाकायला म्हणून ठेवलेला मिक्सर, ज्याबद्दल मी ‘दुकानदार आज देतो उद्या देतो करतोय’ असं वर्षभर सांगत आलो होतो, तोही निघाला आणि नेमका हिच्यासमोर निघाला. त्या प्रसंगाचं वर्णन करत नाही. रद्दीवाल्याचा ताणकाटा आणून सगळं मोजलं, एक्केचाळीस किलो भरलं. तरी समाधान होईना. मग लक्षात आलं, डिझेल! एक लिटर डिझेल साधारण ८३० ग्रॅम. चाळीस लिटर कमी असलं की तेहतीस किलो वाचले. म्हणून तो आठवडाभर मी पंपाकडे फिरकलोच नव्हतो, पिवळा दिवा लागला तेव्हा तर मला आनंद झाला. पडद्यावर आकडा दिसत होता, अजून ६८ किलोमीटर जाईल. आमणे पन्नासेक किलोमीटर. भिवंडीच्या पुढे कुठंतरी पाच लिटर टाकू, असा बेत होता.

पहाटे पावणेपाचला काका खाली आले. डोक्याला मफलर, हातात पाण्याची बाटली, पोळीभाजीचा डबा. दार उघडून ते आत बसले आणि गाडी डाव्या अंगाला किंचित कलली. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. काकांचं वजन ब्याण्णव.

चौऱ्याहत्तर किलो उतरवून मी ब्याण्णव किलो चढवले होते.

असो. काशिमिऱ्याहून महामार्गाला लागलो, वर्सोवा नाक्यावरून ठाण्याकडे वळलो आणि थोडं पुढे जाऊन ट्रकांच्या रांगेत अडकलो. रात्रीची अवजड वाहतूक अजून संपायची होती. अर्धा तास आम्ही एका गॅसच्या टँकरच्या मागं ‘सुरक्षित अंतर ठेवा’ हे वाक्य वाचत उभे होतो. पडद्यावरचा आकडा गाडी जागेवर उभी असूनसुद्धा कमी होत होता. ६१, ५५, ४९. तो आकडा म्हणजे नुसतं टाकीतलं मोजमाप नसतं, गाडी आत्तापर्यंत कशी चालली यावरून तिनं बांधलेला अंदाज असतो, हे मला नंतर कळलं. तेव्हा वाटलं, बिघडलाय.

चेण्याच्या पुलापुढे चमत्कार झाला. टँकर बाजूला झाला आणि समोर रस्ता चक्क रिकामा. झुंजूमुंजू झालेलं, दोन्ही अंगांना राष्ट्रीय उद्यानाचं जंगल, मागं कुणी नाही.

“काका, समृद्धी कशाला? इथंच उरकू! नुसतं सुरुवातीचं बघू.”

“इथली मर्यादा किती?”

“मर्यादेपर्यंतच जाऊ हो.”

काकांनी मोबाइल काढला, चष्मा वर केला, स्टॉपवॉच लावलं. “तयार? सोड!” आणि अंगठा दाबला.

मी पाय दाबला. खोटं कशाला बोलू, पहिले दोन सेकंद स्वर्ग होता. पाठ सीटला चिकटली, काकांचा डबा मागं गेला, इंजिनानं घसा साफ केला, काटा वीस, तीस, एक्केचाळीस, आणि तेवढ्यात गायमुखाचा चढ लागला. चढ लागला तसं टाकीतलं उरलंसुरलं डिझेल मागच्या कोपऱ्यात जाऊन बसलं असणार. गाडीनं एक उचकी दिली. मग दुसरी. मग स्टिअरिंग दगडासारखं जड झालं आणि पडद्यावर एकदम इतके दिवे लागले की काका म्हणाले, “वा, सगळे सिग्नल लाल.”

घाटाच्या मध्यावर, ऐन वळणात, माझी मर्सिडीज उभी राहिली.

पाचच मिनिटांत मागं वसई-विरारपर्यंतचा संसार गोळा झाला. हॉर्न, ट्रक, कंपन्यांच्या बसेस, दुधाचे टेंपो. मी धोक्याचा त्रिकोण काढायला डिकी उघडली. आत स्वच्छ गालिचा होता. त्रिकोणाचं वजन आठशे ग्रॅम भरलं होतं, मीच काढून ठेवला होता.

काय करावं सुचेना म्हणून मी मोबाइल उघडला. सोसायटीच्या ग्रुपवर निरोप आला होता: ‘गायमुख घाटात कुठलीतरी गाडी बंद पडलीये. सगळं ठप्प. घोडबंदरनं कुणी जाऊ नका.’ हा निरोप मी गेली चार वर्षं आठवड्यातून दोनदा वाचत आलोय आणि प्रत्येक वेळी त्या अज्ञात गाढवाला मनापासून शिव्या घातल्यात. सवयीनं मी खाली संतापलेला लाल चेहरा टाकला. टाकल्यावर मान वर केली, मागची रांग पाहिली, आणि मला त्या गाढवाचा पत्ता लागला.

तेवढ्यात कुणीतरी फोटो टाकला. मागून काढलेला, नंबरप्लेट अगदी स्पष्ट. खाली प्रश्न: ‘ही आपल्याच सोसायटीतली ना?’ त्यावर पहिला अंगठा उमटला तो आमच्या हिचा.

देवानं एक ट्रकवाला पाठवला. सोलापूरकडचा असावा. त्यानं खाली उतरून गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली, कान लावला, आणि म्हणाला, “सायेब, तेल संपलंय.” ट्रकवाले डिझेलला तेलच म्हणतात. मी त्याला ४०० न्यूटन मीटर सांगावं की नाही या विचारात असताना त्यानं, त्याच्या क्लीनरनं, काकांनी आणि एका हवालदारसाहेबांनी मिळून गाडी न्यूट्रलमध्ये घेऊन मागं मागं सोडत कडेला लावली. उतारावर ती अशी झुळझुळ गेली म्हणता! त्या दिवसातला तिचा सर्वांत सुबक वेग तो होता. उलट्या दिशेनं.

मग मी रिक्षानं मागं गेलो. पंपावर न्यायला डबा नव्हता, तो एका चहाच्या टपरीवाल्यानं दिला, पाच लिटरचा, शेंगदाणा तेलाचा रिकामा. रिक्षात तो मांडीवर घेऊन बसलो असताना मला रुडॉल्फ डिझेलसाहेब आठवले. १९००च्या पॅरिसच्या प्रदर्शनात त्यांचं इंजिन शेंगदाणा तेलावर चालवून दाखवलं होतं, आणि गंमत म्हणजे लोकांना फरकच कळला नव्हता म्हणे. डिझेल इंजिनात ठिणगी नसतेच मुळी. हवा दाबायची, सोळापट वगैरे, एवढी की ती नुसत्या दाबानंच लालबुंद तापते, आणि त्यात तेल फवारलं की आपोआप पेट घेतं. आमच्या हिचाही प्रकार तसाच आहे. ठिणगी लागत नाही, दाब साठत जातो. मिक्सर निघाला तेव्हा पाहिलंच. तर हे डिझेलसाहेब १९१३ साली बोटीनं इंग्लंडला जाताना रात्रीतून नाहीसे झाले. का ते कुणाला कळलं नाही. मला त्या क्षणी पुरतं कळलं. गायमुखाला खाडी जवळच आहे.

परत आलो तर नरसाळं नाही. हवालदारसाहेब म्हणाले, “नरसाळ्याशिवाय कसं ओतणार?” आणि माझ्या डोळ्यांसमोर चाकणचा किल्ला उभा राहिला. एवढ्या मोठ्या फौजेशी दोन महिने लढायला एक नरसाळे पुरले होते, आणि मला पाच लिटर ओतायला एक मिळेना. शेवटी काकांनी पाण्याची बाटली कापून नरसाळं केलं. निम्मं डिझेल गाडीत गेलं, निम्मं माझ्या बुटांत. तरी गाडी चालू होईना. स्टार्टर नुसताच कण्हत होता.

“एअर धरलाय,” ट्रकवाला म्हणाला. तो अजून तिथंच होता, जाणार कुठं, रांग हलल्याशिवाय!

आणि मला एकदम मामाची विहीर आठवली. किर्लोस्करांनी १९४६ साली पुण्यात डिझेल इंजिनांचा कारखाना काढला, त्यांतलंच एक हिरवं इंजिन मामाच्या विहिरीवर होतं. डिझेल संपवलं की ते असंच रुसायचं. मग मामा नळीचा नट सैल करून, आतली हवा फसफसत बाहेर येईपर्यंत पंप मारत बसायचा आणि मला बजावायचा, “काही कर, पण टाकी कोरडी होऊ देऊ नको.” आठ वर्षांच्या पोराला जे कळलं होतं ते बावन्नाव्या वर्षी मी वजन वाचवायला विसरलो होतो.

“ब्रेकला पाय लावू नका,” ट्रकवाल्यानं सांगितलं. “बटण दाबून नुसते दिवे लावा. थांबा. बंद करा. परत लावा. टाकीतला पंप तेल वर ओढतोय, त्याला वेळ द्या.” पाच वेळा केलं. सहाव्यांदा गाडी खोकली, थरथरली आणि गुरगुरली. मागच्या तीन ट्रकांनी टाळ्यांसारखे हॉर्न वाजवले. मी त्याला पैसे देऊ केले, त्यानं घेतले नाहीत. गाडीकडे एकदा पाहून एवढंच म्हणाला, “चांगली गाडी हाय. चालवा जरा.”

समृद्धीवर आम्ही गेलो नाही. पुढचा पंप गाठून टाकी काठोकाठ भरली आणि घरी आलो. काकांनी वाटेत डबा उघडून मला अर्धी पोळी दिली. सोसायटीच्या गेटवर वॉचमननं पहिल्यांदाच उठून सलाम केला. त्याच्या हातात मोबाइल होता. वर आलो तर स्टेपनी हॉलमध्ये, तिच्यावर मिक्सर, आणि मिक्सरवर दुकानाचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी.

संध्याकाळी सातला बेल वाजली. दारात काका. हातात मोबाइल, चेहऱ्यावर जरा अपराधी भाव.

“अरे, मघाशी बघितलं, हे बंद करायचं राहूनच गेलं.”

मी पाहिलं. स्टॉपवॉच पळत होतं. तेरा तास, बावीस मिनिटं, आणि सेकंद मोजायला मी थांबलो नाही.

“मग करा ना बंद, काका.”

काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. चाळीस वर्षं घड्याळावर नोकरी केलेला माणूस तो.

“कसं करू? गाडी अजून पोचली नाही.”